उभे राहा

काकांच्या घरातला संगणक आपणहून कधीच सुरू होत नसे. बटण दाबलं की पडदा काळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत मोजक्या ओळी उमटायच्या, आणि मग तो नुसता तसाच राहायचा. बटण दाबून कोणी भाजी आणायला गेलं, भाजी आणून, निवडून, फोडणीला टाकून परत आलं, तरी तो तिथेच. इतरांचे संगणक थोडा वेळ वाट पाहतात आणि मग आपल्या मनानं काहीतरी सुरू करतात. काकांनी त्यातलं ते ‘आपल्या मनानं’ काढून टाकलं होतं.

“यंत्रानं माणसाला विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही,” असं ते म्हणत.

काका म्हणजे माझे घरमालक. माझे मामा बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आहेत. मला इथे कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा मामांच्या क्वार्टरमध्ये जागा नव्हती, म्हणून त्यांनी जवळच ओळखीच्या या घरात माडीवरची खोली बघून दिली. खाली काका-काकू, वर मी. माझं गाव साक्रीच्याही पुढे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणी काही सांगितलं की आधी ते करायचं आणि समजून नंतर घ्यायचं, अशी माझी पद्धत होती.

राहायला आले त्याच आठवड्यात कॉलेजचं काहीतरी टाइप करायचं होतं. काका म्हणाले, “जा, आतल्या खोलीत संगणक आहे. चालू कर. तुला फावेल ना?” फावेल म्हणजे जमेल, हे मला तोपर्यंत कळायला लागलं होतं. मी खुर्चीवर बसले, बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि वर मोठ्या अक्षरांत आलं: उभे राहा.

मी उभी राहिले.

पुढे काहीतरी येईल म्हणून मी बराच वेळ उभी होते. गावाला शाळेत साहेब आले की आम्ही उभे राहत असू, मग साहेब ‘बसा’ म्हणायचे. इथे ‘बसा’ काही येईना. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी संगणकासमोर हात बांधून उभी आहे हे बघून त्या दारातच थबकल्या.

“अगं, काय झालं? खुर्ची मोडली की काय?”

“नाही काकू. यावर लिहिलंय.”

काकूंनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कप टेबलावर ठेवून त्या इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. मला वाटलं, मलाच हसताहेत. मग काका आले. ते हसले नाहीत.

“उभी का आहेस?”

“तुम्ही लिहिलंय.”

“लिहिलंय ते बरोबर लिहिलंय. उभे राहा. म्हणजे घाई करू नका. खालच्या ओळी वाचा, विचार करा, मग एंटर दाबा.”

“म्हणजे थांबा?”

“तेच ते. उभे राहा.”

“आमच्याकडे उभं राहा म्हटलं की उभंच राहतात, काका.”

“तुमच्या खानदेशात असेल तसं,” काका म्हणाले. “शुद्ध मराठीत असं नाही.”

पुढे गल्लीत, बसमध्ये, कॉलेजात ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलं. गुजरातीत ‘ऊभा रहो’ म्हणजे थांबा. रिक्षाला म्हणतात, दूधवाल्याला म्हणतात, फोनवर पलीकडच्या माणसालाही म्हणतात. तेच इथल्या मराठीत आलंय. रिक्षा उभी राहते इथपर्यंत ठीक होतं, पण बडोद्यात माणसं बसल्या बसल्या उभी राहत.

हे काकांना सांगायची सोय नव्हती. त्यांचे पणजोबा संस्थानच्या काळात कचेरीत होते, आणि त्या कचेरीतली मराठी जशीच्या तशी आपल्या घरात उतरली आहे, यावर काकांचा पूर्ण विश्वास होता. मी ‘आम्ही जातो’च्या जागी चुकून ‘आम्ही जातस’ म्हणाले की ते लगेच टोकत. मग तेच म्हणत, “पाणी ढोळू नको,” म्हणजे सांडू नको. “ही चावी साचवून ठेव,” म्हणजे जपून ठेव. पहिल्यांदा त्यांनी मला माडीची चावी साचवायला सांगितली तेव्हा मी मनात म्हटलं, एकच तर आहे, साचवू कशी.

काका निवृत्त झाले होते कोयलीला रिफायनरीच्या कंट्रोल रूममधून. सगळी नोकरी त्यांनी दिव्यांकडे बघण्यात काढली. तिथे म्हणे एखादं यंत्र बंद पडलं तर ते आपोआप परत सुरू होऊ देत नाहीत. आधी माणूस जाऊन बघतो, सगळं ठीक आहे असं म्हणतो, आणि मगच बटण दाबतो. हे ऐकल्यावर मला ते पटलंच. पण काका घरी येताना सगळी कंट्रोल रूमच बरोबर घेऊन आले होते. लाइट जाऊन आली की फ्रिज आपणहून सुरू झालेला त्यांना चालत नसे. लाइट गेली रे गेली की ते सगळे स्विच बंद करत फिरत, आणि आली की एकेक यंत्र बघून, “हं, चाल,” असं म्हणून सुरू करत. इन्व्हर्टर त्यांनी बसवून घेतला आणि काढून टाकला. “तो मला न विचारता उडी मारतो,” हे कारण. मॉलमध्ये काकू एकट्याच जात. तिथलं काचेचं दार माणूस जवळ गेला की उघडतं. काका बाहेर फूटपाथवर उभे. “मी आत जायचं ठरवलंच नव्हतं,” ते म्हणत, “आणि यानं उघडलंसुद्धा!”

काकांनी मला फार शिकवलं, हे आधी सांगायला हवं होतं. कॉलेजात आम्हाला बूटलोडरची व्याख्या लिहून दिली होती, ती मी पाठ केली होती. पण तो असतो कुठे आणि दिसतो कसा, हे मला काकांच्या त्या काळ्या पडद्यावर कळलं. संगणकात दोन सिस्टीम असतील, एक लिनक्स आणि एक विंडोज, तर सुरुवातीला एक छोटा प्रोग्राम उठतो आणि विचारतो, कोणती उघडू? एवढंच त्याचं काम. किती वेळ विचारत राहायचं, कोणती ओळ आधी दाखवायची, कोणी काहीच बोललं नाही तर काय करायचं, हे सगळं एका साध्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. ते आपल्याला बदलता येतं. काकांनी वेळेच्या जागी उणे एक लिहिलं होतं. उणे एक म्हणजे कायमचं. माणूस सांगत नाही तोवर.

“कॉलेज, इकडे ये,” अशी ते मला हाक मारत. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. “आधी फाईलची नक्कल साचवून ठेव. ठेवलीस? आता बदल कर. केलास? आता काय राहिलं?”

“सेव्ह केलं, काका.”

“सेव्ह केलंस म्हणजे तू लिहून ठेवलंस. पण कळवलंस का?”

फाईल बदलल्यावर आणखी एक आज्ञा द्यावी लागते, तेव्हा कुठे तो बदल त्या छोट्या प्रोग्रामपर्यंत पोचतो. ती दिली नाही तर आपण लिहिलेलं फाईलमध्येच पडून राहतं आणि संगणक जुन्याच पद्धतीनं वागतो. मी दर वेळी ती आज्ञा विसरत असे. “बदल लिहिला, पण कळवला नाही,” हे मग काकांचं बोलणंच होऊन गेलं. पेपरवाल्यानं अंक बदलला, गॅसवाल्यानं वार बदलला, जावयानं नोकरी बदलली, सगळ्यांवर त्यांचा हाच आरोप असे.

त्या पडद्यावरची अक्षरं मराठीत असावीत ही त्यांची दुसरी जिद्द. इंग्रजी का नको, असं मी विचारलं होतं. “इंग्रजी सगळ्यांना दिसतं, म्हणून कोणी वाचत नाही,” हे उत्तर. पण सिस्टीम सुरू व्हायच्या आधीचा तो प्रोग्राम बिचारा फार बेताचा असतो. त्याला आपली अक्षरं नीट जोडता येत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसे, जोडाक्षरं मोडून पडत, अनुस्वाराचा ठिपका शेजारच्या घरी जाई. म्हणजे ‘लिनक्स’ लिहिता येत नव्हतं आणि ‘विंडोज’ही नाही. ‘थांबा’सुद्धा नाही, ठिपक्यामुळे. मी म्हटलं, काका, मागे चित्र लावता येतं ना, त्या चित्रातच शब्द लिहा, म्हणजे हवं ते लिहिता येईल. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी परीक्षेत कॉपी करायला सुचवलं.

“चित्रातलं अक्षर हे अक्षर नाही. तो फोटो आहे.”

मग त्यांनी पहिली वेलांटी नसलेले, जोडाक्षर नसलेले, ठिपका नसलेले शब्द शोधायला घेतले. झोपाळ्यावर बसून, त्याला ते हिंचका म्हणत, ते तासन्‌तास शब्द पुटपुटत. ‘उभे राहा’ त्यात पास झाला. मी एकदा भीत भीत ‘वाट पाहा’ सुचवलं, त्यातही काही मोडत नव्हतं. काका म्हणाले, “वाट यंत्रानं पाहायची. माणसानं का पाहायची?”

सिस्टीमच्या ओळींना त्यांनी नावं दिली ती अशी: वर ‘माझे’, म्हणजे लिनक्स. खाली ‘तुझे’, म्हणजे काकूंचं विंडोज. यातही काही मोडत नव्हतं. मोडलं ते दुसरंच. काकू बसल्या, त्यांनी ‘माझे’ वाचलं आणि एंटर दाबलं. लिनक्स उघडलं.

“अहो, हे तुमचंच आलं!”

“मग तू माझं का दाबलंस?”

“माझे लिहिलंय म्हणून दाबलं. मी वाचतेय म्हणजे माझे.”

“अगं, पण लिहिलंय मी.”

“वाचतेय मी ना!”

“लिहिणाऱ्याचं धरायचं असतं,” काकांनी निकाल दिला. तेव्हापासून त्या घरात स्वतःचं काही हवं असेल तर ‘तुझे’ दाबायचं, हे काकू शिकल्या. खालचा बाण एकदा, मग एंटर. त्यांनी ते बोटांनाच लावून घेतलं, वाचणं सोडून दिलं.

काकूंचं माहेर सांगलीकडचं. लग्नाआधी त्यांनी शिक्षिकेचा कोर्स पुरा केला होता, पण काकांच्या शिफ्टा, मुलगी, सासूबाई, यात नोकरी राहूनच गेली. त्या बोलत नसत त्याबद्दल. मला फक्त एवढं दिसे की मी चुकीचं काही वाचलं तर त्या मला न टोकता तेच वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणत, मला कळेल न कळेल असं. मागच्या वर्षी त्यांच्या मराठी मंडळानं ठरवलं की बडोद्यातल्या मराठी घरांतल्या मुलांना रविवारी सकाळी संगणकावरून मराठी शिकवायचं. घरात आजी मराठी बोलते, आई अर्धी, आणि मुलं गुजरातीत उत्तर देतात, अशी ती मुलं. मंडळातल्या बाईंनी काकूंना विचारलं. एक वर्ग घेऊन दाखवा, आम्ही बघू, जमलं तर तो तुमचाच. काकू त्या दिवशी दोनदा चहात मीठ घालायच्या बेतात होत्या.

त्यांच्या लेकीनं विंडोजमध्ये त्यांना सगळं लावून दिलं होतं, पडद्यावर बोटानं अक्षर गिरवायची सोयसुद्धा. त्यांची तयारी मी बघत होते. दुपारी भांडी आवरली की त्या बसत आणि ‘क’ काढत. पुसत. परत काढत. त्यांना एकच हवं होतं. बटण दाबलं की थेट आपला पडदा यावा. मुलं वाट बघत असताना ती ओळ, ते बाण, यात बोट चुकलं तर? त्या काकांना म्हणाल्याही.

“निदान रविवारपुरतं तरी थेट माझं उघडेल असं करा ना.”

“थेट?” काका म्हणाले. “न विचारता?”

“मला कशाला विचारायला हवं? मला माहीत आहे मला काय हवंय.”

“तुला माहीत आहे. यंत्राला कुठे माहीत आहे?”

“बरं, मग पहिली ओळ तरी माझी ठेवा.”

“पहिली ओळ ज्यानं बसवलं त्याची.”

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि कुकरचं झाकण जरा जोरात लावलं. मग मला हळूच म्हणाल्या, “तुला येतं ना गं ते? दोन ओळींचं तर काम म्हणतेस.” खरंच दोन ओळींचं काम होतं. मी म्हटलं, “येतं काकू. पण काकांना न विचारता कसं करू?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तूही त्यांचीच शिष्या झालीस. राहू दे.”

त्या शनिवारी काकांना संगणकाच्या मेमरीबद्दल शंका आली. का आली ते त्यांनाच माहीत. त्यांनी मेमरी तपासायचा एक प्रोग्राम बसवला आणि त्या काळ्या पडद्यावर त्याला एक ओळ दिली. नाव दिलं ‘चाचणी’. यातही वेलांटी दुसरी, जोडाक्षर नाही, ठिपका नाही, म्हणून ते खूश होते. आणि ओळ ठेवली मधोमध, ‘माझे’ आणि ‘तुझे’च्या मध्ये, कारण आधी तपासणी, मग काम. बदल लिहिला, आज्ञा दिली. यंत्राला कळवलं. काकूंना नाही.

रविवारी सकाळी काका फाफडा आणायला गेले. रविवारी तिथे रांग असते. काकू इस्त्रीची सुती साडी नेसून, खुर्चीवर उशी घेऊन बसल्या. वर्गाची लिंक माझ्या फोनवर आली होती, म्हणून मी शेजारी. काकूंनी बटण दाबलं. काळा पडदा आला. त्यांनी मुलांसाठी पहिलं वाक्य काय बोलायचं ते ओठातल्या ओठात म्हणत खालचा बाण दाबला, एंटर दाबलं.

पडदा निळा झाला. त्यावर आकडे धावायला लागले.

“आज निळं आलंय,” काकू म्हणाल्या. “काहीतरी अपडेट असेल, नाही?”

मी पडद्यावरचं वाचलं. “काकू, ही मेमरीची तपासणी आहे. याला फार वेळ लागतो. मी बंद करते, परत सुरू करू.” माझ्या फोनवर मुलांचे चौकोन दिसायला लागले होते. मंडळाच्या बाईही आल्या होत्या, त्यांनी हेडफोन लावला होता. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात फाटक वाजलं आणि काका फाफड्याचं पुडकं घेऊन आत आले. निळा पडदा बघून त्यांचा चेहरा उजळला.

“अरे वा! चाचणी लावलीस? मी म्हणतच होतो, आधी चाचणी…”

“काका, काकूंचा वर्ग आहे. मी बंद करते.”

“उभी राहा!” काका ओरडले. माझा हात तिथेच राहिला. “तपासणी मध्येच तोडायची नाही. अर्धी तपासणी म्हणजे काय कळणार? काहीच नाही. एकदा सुरू झालं ना, की पुरं होऊ द्यायचं.”

“अहो, मुलं आलीत,” काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

“येऊ देत ना. अर्ध्या तासानं घे. मुलांना काय, सुट्टीच आहे.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या निळ्या पडद्याकडे बघत होत्या. आकडे धावत होते. मग त्या उशीवरून उठल्या आणि मला म्हणाल्या, “तुझा फोन दे गं.”

“काकू, त्यात अक्षर गिरवता येणार नाही. पडदा केवढासा.”

“नको गिरवायला.”

त्यांनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. मी दाराशी. मुलं सगळी एकदम बोलत होती, कोणाची आजी मागून सांगत होती, “बेटा, नमस्कार कर.” काकूंना चष्मा सापडेना. त्या ओट्यावर चाचपत घाईत म्हणाल्या, “मुलांनो, एक मिनिट हं. जरा उभे राहा.”

मुलं बसून राहिली. सगळ्यांना कळलं होतं. फक्त एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांची नुकतीच नाशिककडून रेल्वेत इकडे बदली झाली होती. त्याच्या चौकोनात आता त्याचं डोकं नव्हतं, फक्त शर्टाच्या गुंड्या होत्या.

“अल्या, बेसी जा!” दुसरा एक मुलगा ओरडला. बस खाली, असं. सगळे फिदीफिदी हसायला लागले. गुंड्या हलल्या, पण बसल्या नाहीत.

काकूंना चष्मा सापडला होता. तो त्यांनी घातला आणि त्या शर्टाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सगळं बिघडलं. मंडळाच्या बाई काहीतरी लिहून घेत होत्या.

“कोणी हसायचं नाही,” काकू म्हणाल्या. “त्यानं बरोबर ऐकलंय. चुकीचं मी बोलले. बस बाळा. आता सांगा, उभे राहा म्हणजे काय?”

“वेट!”

“रोकाओ!”

“मग तुम्ही बसलात, हा उभा राहिला. असं कसं? शब्द तर एकच.”

काही मुलं मागे आजीकडे बघायला लागली. मग काकू सांगायला लागल्या. “मी लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आले ना, त्या दिवशी सासूबाई मला दारात म्हणाल्या, जरा उभी राहा. त्या आत गेल्या आणि पाहुण्यांत रमल्या. मी दारात उभी. सगळे जेवायला बसले, तरी मी उभीच. मला कोणी बस म्हणेना. त्यांना वाटलं, ही सांगलीची मुलगी फार मानी दिसते. मला वाटलं, बडोद्याला नव्या सुनेला अशी शिक्षा करतात.” मुलं हसायला लागली, तो नाशिकचा मुलगा सगळ्यात जास्त. “सासूबाईंना म्हणायचं होतं, थांब. आपल्या बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द येऊन बसलेत. वाईट नाहीत ते. पण कोणता शब्द कोणाच्या घरचा आहे, ते आपल्याला माहीत पाहिजे. आता मला असे शब्द सांगा, जे आजी म्हणते आणि शाळेच्या पुस्तकात नाहीत.”

मग जो गोंधळ उडाला तो मला इथे नीट लिहिता येणार नाही. फावतं, साचव, ढोळलं, हिंचका. एका मुलीनं आपल्या आजीलाच ओढून आणलं, आणि आजी भांडायला लागली की हिंचका हा मराठीच शब्द आहे. मंडळाच्या बाईंनी लिहिणं थांबवलं आणि हात वर केला, त्यांनाही एक शब्द सांगायचा होता.

मी मागे वळून पाहिलं. काका पॅसेजमध्ये उभे होते, हातात फाफड्याचं पुडकं तसंच. किती वेळ उभे होते माहीत नाही. निळ्या पडद्याकडे त्यांची पाठ होती.

वर्ग संपला. बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारीही असंच घ्या, वर्ग आता तुमचा. काकूंनी फोन मला दिला आणि त्या स्टुलावर जरा टेकून बसल्या. काका आत आले. पुडकं ओट्यावर ठेवलं.

“आई तुला असं म्हणाली होती?”

“हो.”

“आणि तू उभी होतीस? सगळं जेवण होईपर्यंत?”

“हो ना.”

“इतकी वर्षं झाली. तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?” काकू म्हणाल्या, आणि फाफडा ताटलीत काढायला लागल्या.

काका तिथून वळले. ते संगणकाच्या खोलीत जाऊन बसले. दुपारी उशिरा कधीतरी तपासणी पुरी झाली. त्यांनी तिथूनच सांगितलं, “मेमरी एकदम चोख आहे. एकही चूक नाही.”

“कोणाची?” काकूंनी आतून विचारलं.

त्यानंतरच्या आठवड्यात काका झोपाळ्यावर बसत, पण पुटपुटत नसत. मला “कॉलेज” अशी हाकही आली नाही. शुक्रवारी मला प्रॅक्टिकलची तयारी करायची होती. मी खाली जाऊन संगणकाचं बटण दाबलं. काळा पडदा आलाच नाही. ‘उभे राहा’ नाही, ओळी नाहीत, काही नाही. सरळ विंडोज उघडलं, मध्ये काकूंची गिरवायची बाराखडी.

मी धावत बाहेर गेले. “काका, मेनू गेला! लिनक्स उडालं की काय?”

“काही उडालं नाही. झाकलाय.”

“झाकलाय? कोणी?”

“घरात मंडळाची माणसं येणार आता. सगळ्यांना कशाला दाखवायचं आत काय काय आहे. सेफ्टीचा प्रश्न आहे.” त्यांनी झोपाळ्याला पायानं एक झोका दिला. “वेळ शून्य केली. पहिलं हिचं ठेवलं. कळवलं पण.”

“यंत्राला?”

“हिला,” काका म्हणाले. “यंत्राला नंतर.”

झाकलेला मेनू बघायचा असेल तर संगणक सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरावी लागते, आणि तीही नेमक्या क्षणी. काकांचं रोजचं काम लिनक्समध्येच असतं. त्यामुळे आता रोज सकाळी ते बटण दाबतात आणि डाव्या हाताचं बोट शिफ्टवर रोवून, श्वास रोखून बसतात. वयामुळे असेल, बोट कधी उशिरा पडतं, कधी लवकर सुटतं, आणि समोर काकूंची बाराखडी उघडते. मग ते ती पूर्ण उघडू देतात, रीतसर बंद करतात, आणि परत पहिल्यापासून बोट रोवतात. एकदा लागोपाठ चुकलेलं बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, “काका, निदान थोडा वेळ तरी मेनू दिसू द्या ना. त्यानं काकूंचं काही अडणार नाही.”

काकांनी पडद्यावरून नजर हलवली नाही.

“नको,” ते म्हणाले. “मला फावतंय.”